खिडकीचे पडदे

जिन्याखालच्या खोलीत शिंपीकाकांनी निम्मं आयुष्य मशीन चालवलं. खोलीला खिडकी नव्हती, भर दुपारीही दिवा लागायचा. "आपल्याला कुठे इथे जन्म काढायचाय?" असं ते काकूंना म्हणत. काकू गेल्यावर भिंतीला म्हणू लागले.

यंदा नजर अधू झाली. सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकाच्या विनवण्या कराव्या लागल्या, तेव्हा काकांनी मालकाला खोली सोडतो म्हणून सांगितलं. गावी, भावाकडे असलेल्या वडिलोपार्जित घरी फक्त 'येतोय' एवढंच कळवलं. आपल्याच घरी राहायला कुणाला काय विचारायचं? जाण्याआधी तिथल्या आपल्या खोलीच्या खिडकीसाठी त्यांनी निगुतीनं पडदे शिवले. माप तोंडपाठ होतं.

धाकट्या भावानं सामान उचललं, भावजयीनं ठेवणीतले कप काढले. खोलीत खिडकीच्या जागी भिंत होती.

"अरे, माझी खिडकी?" पिशवीतून काढलेले पडदे हातात धरून काकांनी विचारलं.

"पोराची खोली वाढवताना बुजवली, दादा. कळवायचं राहिलंच बघ."

भावजय हसली. "शिंप्याच्या हातचे पडदे आहेत, भाऊजी, वाया नाही जाऊ देणार. उशांचे अभ्रे करते. बरं, परतीचं तिकीट कधीचं?"

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. म्हणूनच काकांना खरं सांगवेना.

"परवाचं," ते म्हणाले.

परतल्यावर जिन्यात शेजारीण भेटली. "राहिलेलं सामान न्यायला आलात ना, काका? नवा भाडेकरू उद्याच येतोय."

"हो," काका म्हणाले. कुलूप काढून त्यांनी सवयीनं आधी दिवा लावला.