बिबट्याचे कागद

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा अहिल्या खानझोडे टेक्ससमधल्या प्लेनोहून विमानतळाकडे जाणाऱ्या हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकली होती. पलीकडे कोण आहे हे तिला स्क्रीन न बघताही कळलं.

"गुड मॉर्निंग, मिस आलिया. माझा बिबट्या कुठवर आला?"

"मिस्टर केसलर, माझं नाव अहिल्या. आणि तुमचा बिबट्या काल होता तिथेच आहे. जोहान्सबर्गच्या विमानतळावर."

"अजून?"

"मेलेला आहे तो, मिस्टर केसलर. स्वतः चालत येणार नाही. मी काल रात्री ईमेल केलीय, त्यात सगळं लिहिलंय."

"तीच जरा वाचून दाखवता का?"

अहिल्येने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. हा माणूस रोज फोन करायचा आणि रोज तिचीच ईमेल तिच्याकडूनच वाचून घ्यायचा. ती वाचून झाली, की शिकारीची गोष्ट सुरू व्हायची. नामिबियातलं ते रान, झाडाला बांधलेलं आमिष, सात संध्याकाळी मचाणावर श्वास रोखून काढलेले तास, आणि आठव्या संध्याकाळी झाडावर चढलेला तो नर बिबट्या. मग केसलर नेम धरायचे, चाप ओढायचे, आणि बिबट्या फांदीवरून दगडासारखा खाली यायचा. अहिल्येला ती गोष्ट एव्हाना तोंडपाठ झाली होती.

अहिल्या मूळची चंद्रपूरची. वडील वनखात्यात कारकून. विजेच्या तारेला चिकटून मेलेलं रानडुक्कर असो की विहिरीत पडलेला चितळ, त्याचा पंचनामा टाइप करायचं काम त्यांच्याकडे. अहिल्या बी.कॉम. झाली, आयटीवाल्या परीक्षितशी लग्न करून टेक्ससला आली आणि पुढची सहा वर्षं व्हिसाच्या नियमाने तिला घरी बसावं लागलं. काम करायची परवानगी आली त्याच आठवड्यात तिने जी नोकरी मिळाली ती धरली. परदेशातून येणारा माल कस्टममधून सोडवून देणारं एक लहानसं ऑफिस होतं ते. लायसन्स लॉरेन नावाच्या मालकिणीचं, आणि कागदांचा गाडा ओढायची अहिल्या.

आधी फरशा, मग फर्निचर. एक दिवस लॉरेनने एक जाडजूड फाइल तिच्या टेबलावर ठेवली. आफ्रिकेत शिकार करून आलेल्या लोकांची कातडी, शिंगं, कवट्या. ऑफिसात हे काम कोणालाच नको होतं. अहिल्येने फाइल उघडली, प्रत्येक प्राण्याचे परवाने आणि टॅगचे नंबर जुळवून बघितले आणि तासाभरात दोन चुका काढून दिल्या. तेव्हापासून ते काम तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "एवढ्या लांब गेलीस, तरी मेलेल्या जनावरांचेच कागद?"

या नोकरीचं काय करायचं हे कोणालाच ठरवता येत नव्हतं. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, राधिका नावाची मैत्रीण दर वेळी विचारायची, "अगं, तुला काही वाटत नाही का गं?" आणि विचारताना तिच्या ताटात मटणाच्या नळ्या असायच्या. राधिकेचा नवरा मात्र अहिल्येला कोपऱ्यात गाठून सिंहाचे फोटो मागायचा. घरी पंधरा वर्षांची मुलगी सिया. तिने शाळेत शिकारीविरुद्ध भाषण केलं होतं, आणि त्यात 'माय ओन मदर' असा एक परिच्छेद होता. शिक्षकांनी त्या परिच्छेदाचं खास कौतुक केलं. परीक्षितने ते भाषण फ्रीजवर लावलं, आणि अहिल्येने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला.

केसलर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. विचिटा फॉल्सजवळच्या एका गावात त्यांचं पशुखाद्याचं दुकान होतं, ते मुलाला देऊन टाकलेलं. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. आयुष्यभर हरणं मारली, पण आफ्रिकेला जायचं राहून गेलं होतं, ते या वर्षी जमवलं. त्यांच्या क्रेटमध्ये, म्हणजे मालाच्या लाकडी खोक्यात, दोनच जनावरं होती. एक कुडू, म्हणजे पिळदार शिंगांचं मोठं हरीण, आणि दुसरा बिबट्या. कुडूचं काही अवघड नव्हतं. बिबट्याला मात्र दोन्ही देशांचे परवाने लागतात आणि त्याच्या शरीराचा कुठला भाग येतोय हे एकेक करून लिहावं लागतं.

म्हणून अहिल्येने तीन वेळा विचारलं होतं.

"कातडं एक, कवटी एक. याशिवाय क्रेटमध्ये काही आहे?"

"नो, मॅम."

"नखं, दात, काहीही सुटं?"

"नो, मॅम."

"मिस्टर केसलर, नीट आठवून सांगा."

"मॅम, मी म्हातारा असेन, पण बधिर नाही."

क्रेट अखेर एका मंगळवारी आला. तपासणीला वन्यजीव खात्याची इन्स्पेक्टर होती. कमी बोलणारी आणि चष्मा सतत नाकावर खाली घसरणारी बाई. गोदामात मिठाचा आणि जुन्या चामड्याचा वास कोंदला होता. बिबट्याचं कातडं घडी घालून आलं होतं, पुठ्ठ्यासारखं कडक. टॅगचा नंबर जुळला, तशी अहिल्येने मनातल्या मनात त्या फाइलवर रेघ ओढली. मग इन्स्पेक्टरने कवटी उचलली, उलटी केली, आणि आत बोट घालून कापसाची एक गुंडाळी बाहेर काढली. त्यात बोटभर लांबीची दोन वाकडी हाडं होती.

"ही डिक्लेअर केलेली नाहीत," इन्स्पेक्टर म्हणाली.

अहिल्येला ती हाडं कसली हे कळत होतं. बिबट्याच्या खांद्याच्या मांसात ही दोन हाडं सुटीच असतात. शिकारी ती शुभ मानतात, सोन्यात मढवून गळ्यात घालतात. हाडं जप्त झाली, आणि त्यांच्यासोबत कातडं आणि कवटीही. कुडू तेवढा सुटला.

तिने गाडीत बसून केसलरना फोन लावला.

"मी तीन वेळा विचारलं होतं!"

"तुम्ही दात आणि नखं विचारलंत."

"मी 'काहीही' म्हटलं होतं!"

"बिबट्या म्हटला की हाडं आलीच ना, मिस आलिया? नातीसाठी आणली होती. तिचं लग्न आहे."

अहिल्येने फोन कट करून सीटवर टाकला आणि गाडीची काच बंद असल्याची खात्री करून घेऊन चंद्रपूरच्या भाषेत दोन वाक्यं मोठ्याने म्हटली.

बिबट्या परत मिळवायला एकच वाट होती. चूक अनवधानाने झाली असा अर्ज करायचा, आणि त्याला शिकार कशी झाली याचं मालकाने सही केलेलं निवेदन जोडायचं. परवाना शिकाऱ्याच्या नावाचा असतो, तेव्हा जनावर त्याने स्वतः मारलेलं असावं लागतं. निवेदन लिहून पाठवा म्हणून अहिल्येने दोन ईमेल केल्या. उत्तर नाही. रोजचे फोन मात्र चालूच. शेवटी ती वैतागून म्हणाली, "तुम्ही ऑफिसला या. तुम्ही सांगा, मी टाइप करते, आणि हे एकदाचं संपवू."

गुरुवारी दुपारी शेजाऱ्याने केसलरना ट्रकमधून आणून सोडलं. फोनवरच्या आवाजावरून अहिल्येने दांडगा माणूस कल्पला होता. समोर आला तो इस्त्रीचा शर्ट घातलेला, बारीक अंगाचा म्हातारा. त्यांनी हॅट काढली आणि बसण्याआधी खुर्चीची पाठ हाताने चाचपून बघितली.

"हं, सांगा," अहिल्या म्हणाली. "आठवी संध्याकाळ. बिबट्या झाडावर चढला."

"चढला. डावीकडून आला. आधी पक्षी ओरडायचे थांबले."

तिने टाइप केलं. "पुढे? तुम्ही नेम धरला."

"तुम्हाला पाठ आहे की."

"असणारच! बोला, मी लिहितेय."

केसलर हॅटची कड बोटांनी फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्या कागदाच्या खाली काय लिहिलंय?"

"वरची माहिती खरी आहे, खोटी असल्यास मी कायद्याने शिक्षेस पात्र आहे. नेहमीचंच असतं."

"आणि खाली माझी सही."

"हो."

बाहेरून एक विमान उतरत गेलं, काचा थरथरल्या. केसलर तिच्या चेहऱ्याकडे न बघता जरा बाजूला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलले.

"मला तो दिसलाच नाही, मॅम."

"कोण?"

"बिबट्या. माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. आत्ता मी सरळ बघितलं तर तुमचा चेहरा जाईल. डॉक्टरने गेल्या वर्षीच सांगितलं होतं. आमचा गाइड कानात 'आता, आता' म्हणत होता. मी बंदुकीच्या दुर्बिणीत शोधतोय, आणि तिथे नुसता करडा डाग. मी चाप ओढलाच नाही. बाजूने आवाज आला. गाइडनेच गोळी घातली. मग माझा हात हातात घेऊन तो म्हणाला, 'ग्रेट शॉट, सर.' माग काढणारी माणसं गाणं म्हणायला लागली, मला खांद्यावर घेतलं. आणि मी म्हणालो, थँक यू."

अहिल्येचे हात कीबोर्डवरच राहिले. ईमेल वाचून का घ्यायचे, हे तिला आत्ता कळलं. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याच्या आधी तिच्या डोक्यात तिडीक गेली. हा बिबट्या जर याने मारलाच नव्हता, तर परवानाच लागू नव्हता. तिचे सहा आठवडे, सगळे फोन, ती सगळी जुळवाजुळव एका न झालेल्या शिकारीसाठी होती.

"हे तुम्ही मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"कोणालाच नाही सांगितलं. मुलालाही नाही." ते थोडे पुढे झुकले. "तुम्ही पहिलंच लिहा ना. मी आत्ता जे बोललो ते ऐकलं नाही असं समजा."

"मी ऐकलंय, मिस्टर केसलर."

"लॉरेनला सांगणार?"

"सांगावं लागेल. खोटं आहे हे माहीत असताना मी कागद पाठवू शकत नाही. माझी नोकरी जाईल, तिचं लायसन्स जाईल. आणि तसं नसतं, तरीही मी पाठवला नसता."

केसलरनी हॅट मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "मग आता काय करायचं?"

एक दुसरा फॉर्म होता, एकाच पानाचा. मी या मालावरचा हक्क सोडत आहे, एवढंच त्यात होतं. अहिल्येने तो छापला आणि सगळाच्या सगळा मोठ्याने वाचून दाखवला. सही कुठे करायची ते कळावं म्हणून त्यांचं बोट धरून रेघेवर टेकवलं. सही रेघ सोडून वर चढली. ते उठले, हॅट डोक्यावर ठेवली, आणि दारात थांबून म्हणाले, "कुडू मात्र मीच मारला हं. तो मोठा होता, आणि कडेला उभा होता."

संध्याकाळी जेवताना तिने नाव न घेता हकीकत सांगितली. परीक्षित हसला. सिया म्हणाली, "सो ही'ज अ लायर."

"लायर कसा? सांगितलं ना खरं."

"बिकॉज यू कॉट हिम, मॉम."

"मी काही पकडलं नव्हतं!" अहिल्येचा आवाज चढला. "मी तर टाइप करायला बसले होते. तो नुसतं 'हो' म्हणाला असता, तर मी लिहून मोकळी झाले असते. कोणाला कळलं असतं?"

सियाने ताटातला भात चिवडला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "अँड द लेपर्ड?"

"सरकारी गोदामात. पुढेमागे एखाद्या शाळेत दाखवायला देतील."

"सो तो उगाच मेला."

अहिल्येने भाताचं भांडं उचललं आणि सिंकमध्ये जरा जोरातच ठेवलं.

नोव्हेंबरात ऑफिसच्या नंबरवर एका अनोळखी माणसाचा फोन आला. जाड, मोकळा आवाज, मागे कुत्र्याचं भुंकणं.

"केसलरचा बिबट्या घालवला, ती तुम्हीच का?"

"काय म्हणालात?"

"शिकाऱ्यांच्या क्लबच्या डिनरला तो सगळ्यांना सांगत होता. बिबट्या एका गोळीत पाडला, पण इथल्या एका इंडियन बाईने कागदात असा घोळ घातला, की सरकारने जप्तच केला."

अहिल्येच्या समोरच्या कपाटात केसलरची फाइल होती, त्यात त्यांच्याशी झालेल्या प्रत्येक फोनची तारखेवार नोंद होती, वरच्या बाजूला ठळक अक्षरांत 'तीन वेळा विचारलं' असंही लिहिलेलं होतं. एका वाक्यात या माणसाला गप्प करता आलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर येऊन थांबलं. ग्राहकाची गोष्ट बाहेर बोलायची नाही हा ऑफिसचा नियम होता. पण त्या क्षणी तिला नियम आठवला नव्हता. आठवलं ते फॉर्मवर टेकवलेलं बोट.

"हो, मीच ती," ती दात आवळून म्हणाली.

"तो असंही म्हणाला, की बाई खडूस आहे, पण फोन उचलते. आमचे कागद बघणारा सध्याचा माणूस तेवढंही करत नाही. माझी एक म्हैस येतेय टांझानियातून. केप बफेलो. घेता का?"

म्हातारा! अहिल्येने डोळे मिटले, दहा आकडे मोजायला घेतले आणि चारावर सोडून दिले. खण उघडून कोरी फाइल काढली.

"नाव सांगा," ती म्हणाली. "स्पेलिंगसकट. आणि आधी त्या कुत्र्याला गप्प करा, मला काही ऐकू येत नाहीये."