पाहुणा कोणत्या गावचा?

माणसाच्या रक्तात शिरलेल्या जंतूलासुद्धा गाव विचारणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. धाकट्या मेव्हणीचा नवरा, सुरतेतल्या एका इस्पितळात जंतूंचा डॉक्टर. खानदेशी माणूस भेटला की आधी ‘कोनता गावना?’ विचारायचं, हा सुरतेतल्या आमच्या खानदेशी डिंडोलीचा रिवाजच. पण साडूला त्याचं व्यसन आहे. तो रिक्षावाल्याला विचारतो, मांडवात नवरदेवाला विचारतो. एकदा खांद्यावर गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला विचारलं, आणि त्याच्या आजोळाचा पत्ता लागेपर्यंत बिचाऱ्याला टाकी खाली ठेवायचं सुचलं नाही.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, कापडाच्या लूमवर काम करतो. त्याचा ताप काही केल्या हटेना, म्हणून साडूच्याच इस्पितळात त्याला ठेवला. मला आतून काहीतरी खात होतं. ताप यायच्या आधी मीच त्याला आग्रहानं बर्फाचा गोळा खाऊ घातला होता, आणि वर दुसराही. दादा डोळे मिटून पडलेला, मी त्या दुसऱ्या गोळ्याबद्दल मनातल्या मनात माफी मागत बसलेलो, आणि तेवढ्यात साडूचा फोन आला. तो घेतला वहिनीनं. दादांच्या रक्तात पाहुणा सापडलाय, असं तो सांगत होता. वहिनीनं ‘पाहुणा’ तेवढा नीट ऐकला आणि संध्याकाळी शेवभाजीचा डबा एका माणसापुरता जास्त आणला.

साडू आल्यावर तो डबा त्यालाच मिळाला. खाता खाता त्यानं सांगितलं, पाहुण्याचं आडनाव कळलंय, स्ट्रेप्टोकॉकस, पण गावाचा, म्हणजे तो शरीरात मूळचा कुठला याचा, रिपोर्ट बाकी आहे.

“आडनाव एक म्हणजे माणूस एक, असं नसतं भाऊ. डिंडोलीत पाटील किती आहेत?”

कातडीच्या जखमेतून शिरलेला झपाट्यानं घात करतो, आतड्यातला असला तर आतडं तपासावं लागतं, तोंडातला मात्र आवाज न करता हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतो. इंजेक्शन सुरू केलंय, पण ते किती दिवस द्यायचं आणि पुढे कुठे शोधायचं, हे गाव कळल्यावर. मी मान हलवत होतो. कळलं काहीच नव्हतं. शेवटी धीर करून विचारलं, “बर्फाच्या गोळ्यातला कुठे बसतो?”

त्यानं हातातला घास डब्यात परत ठेवला. “गोळ्याला यात घेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन तो आला तो थेट दादाजवळ गेला, तोंड उघडायला लावलं आणि हा दात कुठे गेला म्हणून विचारलं. दादा ओशाळला. दात हलत होता, खाडा नको म्हणून लूमच्याच धाग्यानं बांधून त्यानं घरीच ओढून काढला होता.

“मशीनला बांधला का काय?”

“नही भाऊ, दारले. मशीन शेठनं शे, आपलं नही.”

पाहुणा तोंडातलाच निघाला. झडपेवर बसलेलाही दिसला. कित्येक आठवडे इंजेक्शनं चालली, आणि दादा वाचला. मला हलकं वाटायला हवं होतं. पण इतके दिवस उराशी धरलेला तो गोळा आता ठेवायचा कुठे, हे कळेना. त्यापेक्षा दात काढायला मी त्याच्याबरोबर का गेलो नाही, याचं वाईट वाटून घ्यायला लागलो.

घरी सोडलं त्या दिवशी दादानं सहज विचारलं, “डॉक्टरभाऊ, तुम्हनं गाव कोनतं?”

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी हे विचारलंच नव्हतं. त्याचे वडील लूमसाठी खानदेशातून इकडे आले, तिकडचं घर विकलं, तिकडे कुणी उरलं नाही. हा जन्मला सुरतेत. साडूनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“रिपोर्ट बाकी शे,” म्हणाला, आणि दादाची औषधांची पिशवी उचलून आमच्यापुढे चालू लागला.