लेकीच्या पेशींची पाचवी

माझ्या सासूबाईंनी प्रयोगशाळेतल्या पेशींची पाचवी पुजली होती. हसू नका. म्हणजे हसा, मीही पोट धरून हसले होते, पण आधी सगळं ऐका.

माझी लेक शाळेत जाणारी, तोंडाने चुरूचुरू बोलणारी. एका सकाळी दप्तर भरता भरता तिचं उजवं अंग लुळं पडलं आणि तोंडातून शब्द फुटेना. मेंदूचा झटका, तोही एवढ्याशा पोरीला! पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी कारण शोधलं. आपल्या पेशीपेशीत माइटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात, अन्नाची ताकद त्या करतात. लेकीच्या पुष्कळ भट्ट्या मुळातच बिघडलेल्या. मेंदूला ताकद फार लागते, म्हणून पहिला फटका त्याला. "आणि या भट्ट्या बाळाला फक्त आईकडून मिळतात," असं ते सहज बोलून गेले. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

रोह्याला घरी आल्यावर हे सासूबाईंच्या कानावर गेलं. मग काय, आयतंच कोलीत मिळालं!

"म्हंजे हे तुझ्याकडनं आलं व्हय! तरी मी म्हणत व्हते, पेणला पाचवी पुजली नाय तुमी."

हिच्या वेळचं पहिलं बाळंतपण माझ्या माहेरी, पेणच्या रामवाडीला झालं. पाचव्या दिवशी बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत, आणि आम्ही सगळे तिथेच. पाटा-वरवंटा पुजून सटवाईला बोलवायचं राहूनच गेलं. ती येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते म्हणतात, आणि आमच्या तर दाराला कुलूप. मी काही कमी तोंडाची नाही, भांड भांड भांडले. पण आतून मला ते पटलेलंच होतं. सटवाईचं नव्हे हो, ते 'तुझ्याकडनं आलं' हे. लेकीला घास भरवताना मनात एकच यायचं, की बाई, तू हिला दिलंस तरी काय?

मग मुंबईलाच प्रयोगशाळेतल्या मॅडम भेटल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. म्हणाल्या, मेंदू काही उघडून बघता येत नाही. पण लेकीच्या दंडाची मुगाएवढी कातडी द्या. त्यातल्या पेशी आम्ही मागे मागे नेतो, अगदी सुरुवातीच्या करतो. त्यांना स्टेम सेल म्हणतात, मूळपेशी. तिथून वळवू तशा त्या वळतात. त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी करायच्या आणि त्यांचं नेमकं कुठे अडतं ते काचेखाली बघायचं. "यातून हिला उद्या औषध मिळेल असं मात्र मी म्हणणार नाही," हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. मला आवडलं ते. खोटी आशा दाखवणारे खूप भेटले होते.

लेकीने दंड पुढे केला. बदल्यात तुटक्या बोलांत बर्फाचा गोळा कबूल करून घेतला, लबाड कुठली!

किती महिने गेले कुणास ठाऊक, आणि एक दिवस मॅडमचा फोन. "ताई, झाल्या! मूळपेशी झाल्या!" मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली. नवरा धाटावच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून दारात पोचत होता. त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट निघायच्या आत त्याला सगळं सांगून झालं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे त्या पुन्ना जलमल्या?"

"तसंच काहीसं."

"मंग पाचवी पुजायला पायजे. मागल्या वेळी राहिली, आता नाय राहू द्यायची."

"अहो आई, पेशींना कपाळ कुठे असतं?"

"सटवाई बघून घेल."

"पण पेशी मुंबईत आणि पाटा रोह्यात!"

"तिला काय गाडीचं तिकीट लागतं?"

झालं! फोननंतर पाचव्या दिवशी पाटा धुतला, हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद आणि लेकीचं शाळेचं पेन मांडलं. मी हसत होते, पण दिवा मीच लावला.

पुढे मॅडमनी आम्हाला लेकीला घेऊन पेशी बघायला बोलावलं. नवऱ्याला शिफ्ट बदलून मिळेना, तर सासूबाई म्हणाल्या, मी येते. गाडी सुटते न सुटते तोच त्यांनी पिशवीतून भिजवून मोड आणलेले वाल काढले आणि सोलायला बसल्या. आमच्याकडच्या बायकांचे हात रिकामे राहत नाहीत, आणि बिरड्याचे वाल काय आपोआप सोलले जातात? कासू स्टेशन येईतो डब्याचा तळ झाकला होता.

मॅडमनी आपल्या खोलीत संगणकाचा पडदा सुरू केला आणि अगंबाई! काळोखात हिरवे धागे पसरलेले, आणि धाग्यांतून ठिपके चाललेले. जिवंत! ठिपके म्हणजे त्या भट्ट्या. एका चित्रात त्या रेंगाळत होत्या, जागोजागी अडत होत्या. शेजारच्या चित्रात कशा सुसाट पळत होत्या!

"ही दुसरी पेशी कुणाची?" मी विचारलं.

"हीसुद्धा हिचीच."

मला काही उमजेना. मॅडम समजावू लागल्या, एका पेशीत शेकडो भट्ट्या, चांगल्या-वाईट मिसळलेल्या, आणि वाटणी काही सारखी होत नाही. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सासूबाईंच्या पिशवीत हात घालून मी दोन मुठी वाल टेबलावर ओतले. एका मुठीत मोड न आलेले कुचर दाणे ढीगभर, दुसरीत जेमतेम एखादा. "असं?"

"अगदी असंच!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "एकेका पेशीपासून आम्ही एकेक घोळका वाढवला. काहींत जवळजवळ सगळ्या भट्ट्या धडधाकट निघाल्या. मुलगी एकच, फरक फक्त भट्ट्यांचा. आता बिघाड नेमका काय करतो ते स्वच्छ दिसतंय. औषधं आधी यांच्यावर पारखता येतील, हिच्यावर नाही!"

मग मी विचारलंच. "या चांगल्या आल्या कुठून?"

"तुमच्याकडूनच की, ताई. सगळ्या आईकडूनच येतात ना."

इतके दिवस हे एवढं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हसायला गेले आणि हुंदकाच फुटला. लेक मात्र पडद्याला नाक लावून आपल्या भट्ट्यांची शर्यत बघत होती. सासूबाई टेबलावरचे वाल एकेक करून पिशवीत टाकत राहिल्या, वर बघेनात.

परतताना पेणला एक बाई चढल्या, आमच्यासमोर बसल्या. लेकीचं खिडकीपर्यंत अडखळत जाणं बघून त्यांनी विचारलं, पोरीला काय झालंय?

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. "आजारी हाय. पण आमी आत्ता तिच्या पेशी बघून आलो. अशा पळतात, काय सांगू तुमाला! चांगल्या हायत ना, त्या समद्या हिच्या आईकडनं आल्यात." आणि माझ्याकडे बोट केलं.

वाईट भट्ट्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. त्यांच्या पिशवीत हात घातला आणि वाल सोलायला लागले.