आलुबुखार म्हणजे आलुबुखारच

“नाव बदलायला मी काय कोन्हाचं चोरून आणलंय का?” असं म्हणून ती कमरेवर हात ठेवायची. आमच्या नांदेडच्या गल्लीत उन्हाळा सरता सरता पीच आणि आलुबुखाराची हातगाडी घेऊन येणारी ही मावशी. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, जिच्याशी घासाघीस करायला नवरे बायकोला पुढे करतात.

पीच कुणीही घ्यायचं. अडचण आलुबुखाराची झाली. कोपऱ्यावरच्या निवृत्त सरांच्या नातवाने ते खाल्लं आणि संध्याकाळी त्याला ताप भरला. सरांनी निकाल दिला, “नावातच बुखार आहे, आणखी काय पुरावा पाहिजे?” उर्दू आपल्याकडे सगळ्यांनाच कळते, ती अशी. गिऱ्हाईक फिरकेना, आणि सर तर गाडीच गल्लीत नको म्हणू लागले.

मी शहाणपणा केला. “मावशी, प्लम म्हणा. खपेल.”

“भाऊ, माझी सासू ह्याच नावानं इकायची. प्लम म्हनलं की ताप पळतो का?”

दुसऱ्या दिवशी तिने गाडी थेट सरांच्या फाटकासमोर लावली. सगळ्यांदेखत आलुबुखार खात सुटली, आठोळ्या मांडून ठेवल्या आणि दुपार कलल्यावर कपाळ पुढे केलं. “लावा हात! बगा ताप हाय का!” बायका हसत हसत हात लावू लागल्या. सर थर्मामीटर घेऊन आले, तिने तोही काखेत धरला. ताप नव्हता.

“बोला सर, आता कामून गप?”

सरांनी काही घेतलं नाही, पण गाडी राहिली. पुढे तर रीतच पडली. गिऱ्हाईक आधी तिच्या कपाळाला हात लावायचं, मग फळाला.

गेल्या पावसाळ्यात ती डोक्याला पदर गच्च गुंडाळून आली. ओठ सुकलेले. मी सवयीने हात पुढे केला, तर मागे सरली.

“आज न्हाई, भाऊ. सर गॅलरीत हायत.”

“मावशी, दवाखान्यात चला.”

“माल सरू दे. घरी बसले तर म्हनतील, आला बगा बुखार.” आणि नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडत ती पुढे गेली.

थोड्याच दिवसांत तिच्या लेकीने येऊन सांगितलं, डेंगूने गेली. मला रडू आलं, आणि संतापही आला.

गल्लीत जो तो विचारू लागला, मावशी कशाने गेली?

“हार्ट अटॅक,” मी म्हटलं. सरांनी विचारलं नव्हतं, पण त्यांना फाटकाशी जाऊन सांगितलं.