मृणालिनीची मिनी

सनीव्हेलच्या रिंकवर मुलीला स्केटिंगला सोडताना ओल्या लेदर ग्लोव्ह्जचा आंबूस वास आला आणि मी वीस वर्षं मागे गेले.

तेव्हा एमएस करता करता मी एका छोट्या आइस हॉकी टीमच्या जर्सी शिवायचे. टीममध्ये एक एन्फोर्सर होता, म्हणजे मारामारीसाठीच ठेवलेला खेळाडू. आपल्या खेळाडूला कुणी धक्का मारला की हा ग्लोव्ह्ज टाकून समोरच्याला भिडायचा, डोक्यावर ठोसे खायचा. मारामारीत जर्सी डोक्यावरून ओढली जाऊ नये म्हणून आत पाठीकडे पँटला अडकवायचा एक पट्टा असतो. त्याचा पट्टा मी दुहेरी टीप घालून शिवायचे.

मार्चमधल्या एका मॅचनंतर तो सुजलेला हात बर्फाच्या बादलीत बुडवून माझ्यासमोर बसला.

"पट्टा टिकला. थँक्स," तो म्हणाला. मग ओशाळून, "तुझं नाव काय म्हणालीस?"

त्या संध्याकाळी हे त्यानं तिसऱ्यांदा विचारलं होतं. मला हसूच आलं. अमेरिकन माणसाला मृणालिनी कुठलं जमायला!

"मिनी म्हण, सोपं आहे," मी म्हणाले.

"मिनी, मिनी," तो पाठ केल्यासारखं पुटपुटत राहिला. हा किस्सा मी रूममेट्सना त्याची नक्कल करून सांगितला. सगळ्या पोट धरून हसल्या.

आज मुलीच्या हेल्मेटचा बंद आवळताना माझा हात थांबला. ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाला तेव्हा हाच माणूस रोज दारातून आत डोकावून "गुड मॉर्निंग, मृणालिनी" म्हणायचा. पूर्ण नाव. अगदी बिनचूक.