मांडवीची थंड तोंडसुई

आमच्या मांडवीच्या रिक्षा स्टँडवर मे महिन्याच्या दुपारी भाडं मिळत नाही. पर्यटक एसी लावून पडलेले, गाव झोपलेलं, आणि काळी वाळू अशी तापलेली की कुत्रंसुद्धा किनाऱ्याकडे फिरकत नाही. मग ड्रायव्हर एकत्र बसले की करणार काय? आधी पेट्रोल, मग राजकारण, मग कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि सगळं संपलं की किस्से! एकाने सांगितला की दुसऱ्याला आठवतो, आणि दुसऱ्याचा ऐकला की पहिला आपल्यात थोडा मसाला वाढवतो.

पण इस्माईलचाचाच्या दुकानातले किस्से वेगळे. त्यात कोणी मसाला टाकत नाही. आणि ऊन उतरायला लागलं की नंदू, म्हणजे आमच्यातला सगळ्यात वात्रट माणूस, तोच बोलतो, "चला, विषय बंद!"

*

चाचा आयुष्यभर जहाजावर कुक. रिटायर झाल्यावर त्याने स्टँडच्या बाजूला थंड विकायचं दुकान टाकलं. आम्हाला वाटलं, कोकम सरबत, सोडा, लस्सी. चाचाने पहिल्या दिवशी काय काढलं? चिनी मातीच्या वाटीत सालासकट शिजवलेले मूग, साबुदाणा, खडीसाखरेचं पाणी, त्यात संत्र्याच्या सुक्या सालीचा वास, आणि वरून बर्फ!

"हे काय, चाचा?"

"तोंगसुई. चीनमध्ये उन्हाळ्यात हेच खातात. आमच्या जहाजावरच्या वाँगकाकाने शिकवलं मला."

"तोंडसुई?" नंदू बोलला. "मग मला दाभण द्या!"

चाचाने कितीदा सांगितलं, तोंगसुई, तोंगसुई. पेंटरने पाटी रंगवून आणली, तर तिच्यावर "थंड तोंडसुई"! चाचाने कपाळाला हात लावला. खाली बारीक अक्षरात "चायनीज" लिहिलं होतं, त्यामुळे कॉलेजची पोरं येऊन विचारायची, "शेजवान आहे का?" पण एकदा वाटी तोंडाला लागली की शेजवान विसरायची. उन्हातून येऊन पहिला घोट घेतला की डोक्यापासून पायापर्यंत माणूस निवतो. खोटं नाही सांगत.

नंदूने एकदा विचारलं, "पण त्याचा अर्थ काय?"

"गोडं पाणी," चाचा बोलला.

समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाने "गोडं पाणी" म्हटलं की ते साखरेचं नसतं, पिण्याचं असतं. हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

*

दुकानात एकच नियम. वाटीवर चमचा वाजवायचा नाही.

आपल्याकडे तर सगळेच वाजवतात. हॉटेलात पोऱ्या ऐकत नाही म्हटलं की ग्लासावर टणटण. चाचा मात्र धावत यायचा. "वाजवू नको रे बाबा! हात जोडतो!"

कारण वाँगकाका. चाचा सांगायचा, जहाजावर एका नवीन खलाशाने मजेत वाटी वाजवली. वाँगकाका पांढराफटक पडला. त्याच्या देशात म्हणे वाटी वाजवली की उपाशी मेलेले ऐकतात. आणि समुद्रावर कोण ऐकणार? जो बुडाला तो. चहूकडे पाणी असून जो घोटभर पाण्याला तरसला, तो गोडं पाणी मागायला येतो.

"मग? आला कोण?"

"दिसला कोण नाय," चाचा बोलला. "पण जेवणं झाली आणि मी वाट्या धुवायला घेतल्या, तर एक वाटी जास्त. आतून चाटूनपुसून साफ, आणि बाहेरून शेवाळ!"

*

हा किस्सा ऐकून आम्ही हसलो. हसली नाही ती फक्त चाची.

चाचीबद्दल सांगायला हवं. चाचा-चाचीला एकच मुलगा, आसिफ. आमच्याबरोबर शाळेत होता, माझ्याच बाकावर. बापासारखाच जहाजावर लागला. एका वादळात डेकवरून गेला, असं कंपनीने फोनवर सांगितलं. सापडला नाही. नातेवाईक बोलले, आता जनाज्याची नमाज पढून घ्या, दुवा करा. चाची ठाम. "माझ्यासमोर मय्यत आणा, मग रडते." दर ईदला त्याचा नवीन शर्ट शिवून घेते आणि कपाटात ठेवते. शिंप्यालासुद्धा विचारायची हिंमत नाही.

तर त्या दिवशी चाचीने शांतपणे विचारलं, "म्हणजे वाजवलं की बुडालेला येतो. जिता असला तर येत नाय?"

"नाय," चाचा बोलला, आणि बोलल्या बोलल्या त्याला कळलं आपण काय बोललो.

"मग मी वाजवून बघते. नाय आला तर सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"आणि आला तर?" चाचा ओरडला. "आला तर काय करशील गो?"

त्या संध्याकाळी चाचाने दुकानातले सगळे स्टीलचे चमचे बोचक्यात बांधले आणि आइस्क्रीमचे ते चपटे लाकडी चमचे आणले. तोंडाला लाकूड लागतं म्हणून गिऱ्हाईकं कुरकुरायची. आम्ही मात्र त्याच चमच्याने दुसरी वाटी मागायचो.

*

पण त्याच दुपारी, चमचे बदलायच्या आधीच, नंदूने घोळ घालून ठेवला होता.

चाची घरी गेलेली, चाचा बर्फ आणायला. नंदूने वाटी वाजवली. नुसती नाही, ताल धरून! "या या, बुडालेले सगळे या! आज वाटी फ्री!"

आम्ही पोट धरून हसतोय, तेवढ्यात किनाऱ्याच्या बाजूने एक माणूस आला. अंगात जाड जाकीट, गळ्यापर्यंत चेन लावलेली. मे महिन्यात! ओठ फुटलेले. खुर्चीवर बसला आणि बोलला, "गोडं पाणी आहे?"

मीच उठून वाटी दिली. एका दमात प्याला. दुसरी दिली, तीही प्याला. मग उठला.

ड्रायव्हरची जात, तोंडून निघून गेलं, "रिक्षा पाहिजे काय?"

"नको. बोट लागलीय," बोलला, आणि जेटीकडे चालू लागला.

नंदूने तोंड पुसलं. "हर्णेकडचा असेल कोणीतरी. ट्रॉलरवरचा." आम्हीही म्हटलं, होय, ट्रॉलरवरचाच. मग कुणीतरी जेटीकडे बघितलं. ओहोटी होती. पार लांबपर्यंत वाळू उघडी पडलेली. बोट लागायला पाणीच नव्हतं!

नंदू आठवडाभर तापाने झोपला. हल्ली तो चहासुद्धा ढवळत नाही.

*

लाकडी चमचे आल्यावर वाटलं, सुटलो. तर पुण्याच्या एक बाई आल्या. एक घोट घेतला आणि जाहीर केलं, "हे तर आमचं मुगाचं कढण! आजारी माणसाला देतो आम्ही. यात चायनीज काय आहे?"

चाचा नम्रपणे बोलला, "काही नाय. मूग सगळीकडे मूगच."

बाईंना आणखी बर्फ हवा होता. आणतो म्हणून चाचाने दोनदा मान हलवली, पण त्यांना धीर कुठला? त्यांनी पर्समधून गाडीची चावी काढली आणि वाटीवर टणटण! "अहो, कोणी आहे का आत?"

"आलो!"

आतून आवाज आला. मोकळा, तरुण आवाज. चाचा आमच्यासमोर उभा होता. चाची घरी होती. आत मोरी आणि बर्फाची पेटी, तिसऱ्याला उभं राहायला जागा नाही. चाचाच्या हातातला जग सुटून फुटला.

बाई पाच-दहा मिनिटं वाट बघून वैतागल्या. जाताना चाचाला ऐकवून गेल्या, "तुमचा माणूस फार आळशी आहे हो! आलो म्हणतो आणि येत नाही!"

चाचाने आम्हाला एवढंच विचारलं, "आवाज कुणासारखा वाटला?" आम्ही सगळे बोललो, "ओळखीचा नव्हता." नंदूसुद्धा बोलला. खोटं बोलताना त्याला एवढं गंभीर मी कधी बघितलं नाही.

*

मग ते लाइट गेलेल्या दिवसाचं. सकाळपासून वीज नाही, बर्फवाल्याची गाडी संगमेश्वरला अडकलेली, उकाड्याने जीव नकोसा. चाचा बोलला, "आज दुकान बंद. गरम तोंगसुई कोण खाणार?"

पातेलं उचलायला गेला आणि हात मागे घेतला. "पक्या, हात लाव."

मी हात लावला. बोटं बधिर झाली! बाहेरून पातेल्यावर पाणी जमून निथळत होतं. आत बर्फाचा खडा नाही.

मी बोललो, "चाचा, मस्त ना! विकून टाकू!"

चाचाने पातेल्यावर झाकण ठेवलं. "उथळ पाणी उन्हाने तापतं, पोरा. एवढं थंड खालचं असतं. फार खालचं." आणि सगळं पातेलं नेऊन समुद्रात ओतलं.

*

आता शेवटचे दोन. हे चाचीच्या कानावर जाता कामा नयेत. तुमच्यापैकी कोण राजिवड्यात, चाचीच्या मोहल्ल्यात, राहत असेल तर आत्ताच उठा.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, चाची दुकानात आली. डोक्यावरचा पदर घट्ट गुंडाळलेला. आली ती सरळ खुर्चीवर बसली. चाचाकडून वाटी भरून घेतली आणि पदराखालून काढला घरचा स्टीलचा चमचा.

चाचा पुढे झाला. "जैनब, नको गो. पाया पडतो तुझ्या."

"सगळे मला वेडी म्हणतात. तुमच्या डोळ्यांतपण दिसतं मला," चाची बोलली. "आज काय ते होऊन जाऊ दे."

टण. टण. टण.

नंदूने डोळे मिटले होते. चाचा किनाऱ्याकडे पाठ करून उभा. चाची मात्र टक लावून समुद्राकडे बघत होती. वाळूवर ऊन नुसतं थरथरत होतं. जेटीवर कोणी नाही, वाटेवर कोणी नाही. दुकानाच्या आत कोणी नाही. तिने परत वाजवलं. मोठ्याने. मग नाव घेऊन हाक मारली, "आसिफ! ये रे, गोडं पाणी प्यायला ये!"

कोणी आलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. आणि चाची हसली! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "नाय आला! बघितलंत ना? नाय आला! जिता आहे माझा!"

चाचा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आम्हीही रडलो, कशाला लाजू? चाचीने सगळ्यांना वाट्या भरून दिल्या. रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनला थांबवून दिली, मासेवालीला दिली. "खा रे, खा! माझा मुलगा जिता आहे!" नंदूने तीन वाट्या खाल्ल्या. एवढी गोड तोंगसुई चाचाने कधी केली नव्हती, आणि चमच्यांचं बोचकं सोडून सगळ्यांनी ती स्टीलच्या चमच्याने खाल्ली.

*

आता राहिलेला.

मी तिथून निघालो. मन असं हलकं झालेलं, वाटलं घरी जाऊन बायकोला सांगावं. रिक्षात बसलो, चालू केली, आणि मागे कोणीतरी बसल्यासारखी गाडी हलली.

"पक्या, राजिवड्याला घे."

असा आवाज, की आरशात बघायची गरज नव्हती. बघितलंही नाही. हात आपोआप गिअरवर गेला. भर उन्हात माझ्या मानेवर गार वारा लागत होता.

स्टँड मागे पडला. शेवटी मीच बोललो, "चाची घरी नाहीये. दुकानावर आहे."

"ठाऊक आहे. म्हणूनच आत्ता चाललोय. घर बघून येतो जरा."

मला काय झालं कोण जाणे, भीती राहिली बाजूला, रागच आला. "अरे, आईने एवढी हाक मारली तुला! ऐकू नाय आली?"

"आली ना. म्हणून तर आलो."

"मग समोर का नाय आलास?"

तो जुन्या बाकावर बसून मला गणित समजावून सांगायचा तशा आवाजात बोलला, "समोर आलो असतो तर तिला कळलं असतं ना, पक्या."

राजिवड्याच्या वळणावर मी गाडी थांबवली. पुढे मला जाववेना. मागची सीट हलकी झाली.

"बरं, जातो," बोलला.

"अरे, येतो म्हण रे!" मी सवयीने बोललो.