याकोबमास्तरांची पिवळी पेटी

लेख धाडायला फार उशीर झाला, ग्रंथाचे काम माझ्यामुळे अडले असेल, याची गौरव समितीने क्षमा करावी. तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. मास्तरांच्या साठीच्या ग्रंथात आपली चूक सांगावी की नाही, हेच ठरेना. पण न सांगावी तर गावावरचा बोल तसाच राहतो.

याकोबमास्तरांची ओळख झाली ती विहिरीच्या अर्जामुळे. काष्टीजवळच्या आमच्या गावी ते शाळेवर नवे आले होते. मी चौथीतून शाळा सोडलेला. अर्ज लिहून घ्यायला गेलो, तर त्यांनी दौत-टाक माझ्याच पुढे सरकवला. "तुम्हीच लिहा. चुकलं तर मी आहे ना." अर्ज दोनदा चुकला. ते रागावले नाहीत.

नोकरी संपल्यावर मास्तर जिल्हा लोकल बोर्डाला उभे राहिले. त्या वेळी आमच्या भागात सगळेच उमेदवार स्वतंत्र. पक्ष कोणाच्याच पाठीशी नाही, जो तो आपापल्या माणसांच्या जिवावर. प्रत्येकाची पेटी वेगळ्या रंगाची, मास्तरांची पिवळी. पडद्याआड जाऊन आपल्या रंगाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. गावाला हे शिकवायचे काम मास्तरांनी विश्वासाने माझ्यावर सोपवले.

मी घरातली ट्रंक ओट्यावर आणली आणि झाकणाला फट पाडायला छिन्नी घेतली. आमच्या कुटुंबाने दम दिला, "माज्या म्हायेरची ट्रंक हाय. भोक पाडाल तर बगा!" मग हळदीत बुडवलेले फडके वर पसरले आणि फटीशिवायच शिकवले. माणसे यायची, फडक्यावर कागद ठेवायची, जायची.

मतदानाच्या दिवशीही गावकऱ्यांनी तेच केले. शेवटी अधिकारी पडद्याआड गेले, तर पिवळ्या पेटीच्या डोक्यावर चिठ्ठ्यांची चवड. पेटीबाहेरची म्हणून ती मते बाद झाली. धरली असती तर मास्तर निवडून आले असते.

काष्टीच्या बाजारात लोक टोमणे मारू लागले, "काय पाव्हनं, पेटीला निवद दाखवला व्हय?" मीही हसून म्हणालो, "आमचं गावच अडानी."

मास्तर दुसऱ्याच दिवशी घरी आले. ट्रंकेवर फडके तसेच होते. त्यांनी ते उचलले, झाकणावरून हात फिरवला आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुमची ट्रंक वाचली, हे एक बरं झालं." चहा घेऊन गेले. पुढे ही गोष्ट त्यांनी कोणाजवळही काढली नाही.

गाव अडाणी नव्हते. मी दाखवले तसे त्याने केले. हे सर्वांना कळावे म्हणून लिहिले.

मास्तरांना उदंड आयुष्य लाभो, हातपाय धड राहोत. ते पुन्हा उभे राहणार असे ऐकतो. आमच्या कुटुंबाने आपण होऊन सांगितले, म्हणून झाकणाला फट पाडून ठेवली आहे. शिकवायचे काम या खेपेलाही ते माझ्याकडे देतील का, आणि पेटीचा रंग कोणता, एवढे विचारून लवकर कळवावे. फडके रंगवून वाळायला वेळ लागतो.